एका डब्यातली दोन पिठं

मला राग आला की मी कपाटं आवरते. तुमच्या आईला विचारा, तिची दहावीची परीक्षा संपली त्या दिवशी घरातली सगळी कपाटं लखलखीत होती. या वेळी मात्र कपाटं संपली आणि राग उरला, म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्ही दोघं इतकी लांब असता की फोनवर मी फक्त हवापाणी सांगते. हे फोनवर सांगण्यासारखं नाही. सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर आईला विचारा, मशीनला नको.

आपल्या मल्लेश्वरमच्या घरातली वरची खोली गेली दोन वर्षं एका नागपूरच्या मुलीला दिलेली आहे. ती इथे संशोधन करते. रोज सकाळी मेट्रोनं पार बनशंकरीच्या पलीकडे तिच्या संस्थेत जाते आणि संध्याकाळी दमून येते. आल्याबरोबर चप्पल सरळ ठेवते, म्हणून मला आवडते. ती काय करते ते पहिले सहा महिने मला कळत नव्हतं. कळलं तेव्हा हसू आलं, कारण ते चिंचोक्याचं काम होतं.

तुम्हाला समजेल असं सांगते. गुडघ्यात हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत अस्तर असतं, त्याला कूर्चा म्हणतात. ती झिजली की आपली आपण नीट भरून येत नाही. जिना चढताना माझा उजवा गुडघा जो आवाज करतो, तो त्यातलाच. आता काही लोक असा प्रयत्न करत आहेत की कूर्चेच्या पेशींना राहायला एक मऊ, ओलसर घर बांधून द्यायचं, म्हणजे त्या घरात राहून त्या नवी कूर्चा विणतील. या मुलीचं घर चिंचोक्याचं. चिंचोक्याच्या पांढऱ्या गरात साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात, त्यांना पॉलिसॅकराइड म्हणतात. त्या पाणी पिऊन फुगतात आणि त्यांचा जेल होतो. पण नुसत्या चिंचोक्याचा जेल म्हणजे गार झालेली पेज. बोट लावलं की ढळते, पाण्यात ठेवली की पसरते. तिच्यात कोण राहणार? म्हणून ही मुलगी त्या साखळ्यांना रसायनानं बारीक बारीक आकडे लावते. मग त्यावर विशिष्ट उजेड टाकला की आकड्यात आकडा अडकतो आणि जेल आपला आकार धरून उभा राहतो. आकडे जास्त झाले तर जेल कडक होतो आणि पेशी गुदमरतात, कमी झाले तर पुन्हा पेज. तिची दोन वर्षं हे मधलं माप शोधण्यात गेली होती, आणि ते तिला सापडलं होतं.

चिंचोका आपल्या घराला परका नाही. आपले पूर्वज या गावात आले तेव्हापासून माझ्या माहेरी विणकरांच्या सुताला खळ लावायचं काम होतं. माझ्या लहानपणापर्यंत ते टिकून होतं. ताणा मागावर चढवायच्या आधी त्याला चिंचोक्याची खळ लावायची, म्हणजे धागा तुटत नाही. माझी आत्या दोन प्रकारची खळ शिजवायची. जाड्याभरड्या कापडासाठी चिंचोके वाळूत भाजायचे, सालं फटाफट सुटतात, काम झटपट होतं. पांढऱ्या, तलम कापडासाठी मात्र भाजायला बंदी. चार दिवस भिजवायचे आणि बोटांनी सोलायचे. आम्हा मुलींची नखं दुखायची. मी एकदा कुरकुर केली तेव्हा आत्या म्हणाली होती, "भाजलेल्याची खळ धाग्याला धरत नाही गं, पापुद्र्यासारखी सुटते." ते मी विसरून गेले होते. मी पुढे कॉन्व्हेंटमध्ये शिकले, कॉलेजात गेले आणि ग्रंथपाल झाले. खळ कशाला लक्षात ठेवू?

तर पहिल्या उन्हाळ्यात मी वर्षाची चिंच फोडत बसले होते. तुमची आई तुमच्यासाठी विकतचा कोळ आणते. आम्ही अजून वर्षाची चिंच एकदम घेतो, चिंचोके काढतो, मीठ लावून बरणीत दाबतो. चिंचोक्यांचा ढीग कचऱ्यात जाणार होता. तेवढ्यात ती खाली आली आणि ओरडली, "बाप्पा! आजी, टाकू नका! मी हेच शोधून राहिले ना!"

शेजारच्या दोन घरांतलेही चिंचोके गोळा केले. आम्ही ते भिजवले, सोलले, गच्चीवर वाळवले. भाजायची कल्पना मला सुचलीसुद्धा नाही, हाताला जे आठवलं ते हातानं केलं. गिरणीत गेलो तर गिरणीवाला जात्याचा दगड दाखवून म्हणाला, "अक्का, याचं पीठ? उद्या बाभळीच्या शेंगा आणाल!" शेवटी सगळ्या गिऱ्हाइकांच्या नंतर दळून दिलं, वर गिरणी धुवायला लावली. ते पीठ माझ्या कोठीच्या खोलीत राहिलं, कारण तिच्या प्रयोगशाळेच्या फळीवर पोरकिडे होते आणि माझ्या कोठीत नाहीत. माझ्या कोठीत पोरकिडा यायला घाबरतो.

त्या पिठातून तिनं जे बनवलं ते वर्षभर छान जमलं. आकडे तिथल्या तिथे अडकत, जेल उभा राहत होता, पेशी जगत होत्या. एकदा तिनं फोटो दाखवला, काळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके. "हे सगळे जिवंत आहेत आजी," म्हणाली. मला शेतातली मेथी आठवली.

मग एक दिवस तिला थोरल्या बहिणीच्या लग्नाला नागपूरला जावं लागलं. तिथून फोन आला, "आजी, एक पार्सल येईल. चिंचोक्याचंच पीठ आहे, बाजारातून मागवलं. ठेवून द्याल?" मी म्हटलं सरी, बरं, ठेवते.

मग सगळं बिघडलं. ती परत आली, काम सुरू केलं आणि जेल धरेना. तीन आठवडे धरला नाही. बशीत ओतला की ओघळायचा. मग मध्येच एकदा उत्तम जमला आणि पुढच्या खेपेला पुन्हा ओघळला. रोज संध्याकाळी तिचं तोंड आणखी उतरलेलं असे. मी विचारलं की "जमून नाही राहिलं" इतकंच म्हणायची आणि वर जायची.

एका गुरुवारी ती वर गेलीच नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. मी घेवडा मोडत होते.

"आजी, माझे गाईड सर म्हणतात मी खोटे आकडे लिहिले."

"कुठले आकडे?"

"मागच्या वर्षीचे. म्हणतात, आता जमत नाही म्हणजे तेव्हाही जमलं नव्हतं. सगळ्यांसमोर म्हणाले. त्या एका जमलेल्या जेलवर तर हसले. म्हणाले, हवा तेव्हा बरा जमतो तुझा जेल, सुटीच्या अर्जासारखा."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काय म्हणू? माझं इंग्रजी अडकते ना घाबरली की." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सोमवारी समिती बसणार आहे. कारण सांगता आलं नाही तर माझं नाव कमी करतील."

बाळांनो, मी त्या क्षणी जो घेवडा मोडला त्याचे तुकडे अजून आठवतात. दोन वर्षं एक मुलगी रविवारसुद्धा न पाळता राबते आणि हा माणूस तिला एका वाक्यात लबाड ठरवतो! कधी तिच्या बाकापाशी जाऊन उभा राहिला होता का? नाही. पीठ कुठून येतं हे त्यानं विचारलं होतं का? नाही. तिची नोंदवही मी तिथेच मागून पाहिली. रसायनं, वेळ, उष्णता, सगळं ओळीनं लिहिलेलं, आणि कच्च्या मालापुढे दोन शब्द, चिंचोक्याचं पीठ. त्या रकान्याखाली दर महिन्याला त्याची सही. माझ्या ग्रंथालयात कोणी नोंदीत नुसतं "एक पुस्तक" लिहिलं असतं, तर मी त्याला नोंदवहीसकट परत पाठवलं असतं. हे मी तिला मोठ्या आवाजात सांगितलंही.

"असा कसा माणूस! बदललं काय, एवढं तरी विचारायचं!"

"बदललं काहीच नाही आजी, तेच तर. सगळं तेच आहे. पीठही तेच. पार्सलचं तर मी अजून उघडलंही नाही."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली.

"ते आहे ना आत?" तिनं विचारलं. "तुम्ही ठेवलं म्हणाला होता."

मी उठले. कोठीच्या दाराला माझी वही टांगलेली असते, कोणत्या डब्यात काय आणि केव्हा भरलं त्याची. तुम्ही लहानपणी हसायचात तीच. मी मागची पानं चाळली आणि माझ्या स्वतःच्या स्वच्छ, वळणदार अक्षरात वाचलं: "चिंचोक्याचं पीठ. जुना डबा अर्धा रिकामा. पार्सलमधलं त्यावर घातलं. दोन्ही एका उभ्या डब्यात. जुना डबा घासून पालथा."

एक वस्तू, एक डबा. चाळीस वर्षं मी याच नियमानं घर चालवलं. ती परत आली तेव्हा तिला नवा डबा दिसला, पण माझ्या घरात वस्तू डबे बदलतात हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं विचारलं नाही. पार्सल आलं का, असं तिनं मला विचारलं होतं. मी म्हणाले, आलं, ठेवलं. दोघीही खरंच बोलत होतो.

मी डबा ओट्यावर आणला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि उलथन्यानं एका कडेनं खणत गेले. वरचं पीठ किंचित तपकिरी होतं, खालचं दुधाळ. सीमा नीट दिसत होती, केळफुलाच्या पाकळीसारखी वर गडद, खाली फिकट. वरचं नाकाशी नेलं आणि मला आत्याचं वाळूचं घमेलं आठवलं.

"हे भाजलेलं आहे," मी म्हटलं. "तुझं पार्सल कापडगिरण्यांच्या खळीचं आहे. आपण भिजवून सोललं होतं. मी दोन्ही एकात ओतलं."

मी शिव्या ऐकायला तयार होते, खरं तर मला त्या हव्या होत्या. तिनं दोन चिमटी पीठ दोन तळहातांवर घेतलं, खिडकीशी गेली, पुन्हा आली.

"भाजलं की साखळ्या तुटतात," ती हळूच म्हणाली. "लहान लहान तुकडे होतात. मग आकडे लावले तरी पकडणार कशाला? आणि चमचा खाली गेला त्या दिवशी तेवढा जमला..." तिनं पीठ परत झटकलं. "आजी, म्हणजे मी खोटी नाही."

म्हणजे तीन आठवड्यांत तिला स्वतःलाही शंका आली होती! याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आणि त्या रागातला अर्धा वाटा मला स्वतःकडे ठेवावा लागला, तो अजून इथेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले, डबा पिशवीत घातला, वही घेतली आणि तिच्याबरोबर मेट्रोत बसले. ती म्हणत होती, "आजी, तुम्ही नका येऊ, मी सांगते." मी म्हटलं, चूक माझी आहे, ती माझ्या तोंडून जाईल. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं "अज्जी, दवाखाना त्या बाजूला," म्हणून बोट दाखवलं.

तिचे सर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मी आत गेले तेव्हा पडद्यावरून नजर न काढता त्यांनी मला खुणेनं थांबवलं. मग मुलीकडे बघून इंग्रजीत म्हणाले, "आता घरच्यांना आणलंस?" आणि माझ्याकडे वळून, मोडक्या हिंदीत, बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं, "अम्मा, इधर बैठो."

मी बसले नाही. मला शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं त्या इंग्रजीत मी त्यांना सांगितलं की मी यांची घरमालकीण, निवृत्त ग्रंथपाल, आणि तुमच्या प्रयोगातला बिघाड माझ्या हातून झालेला आहे. लेखी नोंद सोबत आणली आहे.

चष्मा नाकावर आला. ते उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. "मॅडम, कॉफी?"

पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी माझा शब्द न् शब्द मान्य केला. वही वाचली, डब्यात डोकावले, "रिमार्केबल" म्हणाले, माझ्या नोंदी ठेवण्याचं कौतुक केलं. एक प्रश्न विचारला नाही, एक पुरावा मागितला नाही. मी थाप मारत असते तर? एखादी प्रेमळ म्हातारी मुलीला वाचवायला डब्यात दोन पिठं घालून आणू शकते की नाही? माझ्या इंग्रजीला ते भुलले. आणि ती, जिच्या वहीत दोन वर्षांची प्रत्येक संध्याकाळ लिहिलेली आहे, ती दाराशी उभी होती. तिच्यासाठी खुर्ची नव्हती.

"तुमचा गैरसमज दूर झाला असेल, तर तो तिला सांगा," मी म्हटलं.

"अर्थात मॅडम. समितीत बघू या."

समितीत मला बसू दिलं नाही, ते योग्यच होतं. तिनं स्वतःच मागणी केली की दोन्ही पिठांवर त्यांच्यासमोर काम करून दाखवते. तिला वेळ मिळाला. एका आठवड्यात तिनं दोन्ही पिठं वेगवेगळी शिजवली, धुतली, वाळवली, आकडे लावले, उजेडाखाली धरली. खालच्या पिठाचा जेल चिमट्यानं उचलला तरी उभा राहिला. वरच्याचा ओघळला. तिचं नाव राहिलं. सर म्हणाले, "गुड." आणि अहवालात लिहिलं गेलं की विद्यार्थिनीनं कच्चा माल अयोग्य जागी साठवला होता. अयोग्य जागी! त्यांच्या फळीवर किडे आणि अयोग्य जागा माझी कोठी! त्या संध्याकाळी मी दोन कपाटं आवरली.

मग मागच्या बुधवारी फोन आला, सरांचा स्वतःचा. आवाज मधासारखा. "मॅडम, ते भिजवून सोलायचं तुमच्या घरचं तंत्र... किती दिवस भिजवता, पाणी केव्हा बदलता, जरा लिहून पाठवाल का? आपल्या पुढच्या लेखात उपयोगी पडेल."

"ते तुमच्या विद्यार्थिनीकडे आहे," मी म्हटलं. "तिनं माझ्याबरोबर दोन परात चिंचोके सोललेत. तिला विचारा. पण त्याआधी तिला सांगायचं एक वाक्य तुमच्याकडे शिल्लक आहे. ते आधी जाऊ द्या."

पलीकडून "येस मॅडम" आलं.

काल संध्याकाळी ती आली, चप्पल सरळ ठेवली आणि परातीपाशी बसली. या वर्षीचे चिंचोके चार दिवस भिजून फुगले होते. दोन-तीन सोलून झाल्यावर म्हणाली, "आज सर म्हणाले."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मी तेव्हा घाई केली. इंग्रजीतच. फळ्याकडे पाहून."

"फळ्याकडे? फळ्याची माफी मागितली मग त्यानं! आणि सगळ्यांसमोर?"

"नाही, एकटीच होते."

"बदनामी चारचौघांत आणि माफी फळ्याला! उद्या मी फोन करते, मी त्याला..."

"आजी," ती हसली. दोन वर्षांत आपली कानडी मिसळलेली मराठी तिला लागलीच आहे. "पुरे. स्वल्प तरी म्हणाले ना. आणि भिजवायचे दिवस मी त्यांना अजून नाही सांगितले. म्हटलं, लेखात आधी माझं नाव लिहा, मग सांगते."

"हे इंग्रजीत म्हणालीस?"

"अडकले मधे. पण म्हणाले."

मी साल काढलेला चिंचोका तिच्या परातीत टाकला. सोलून झाल्यावर तिनं दोन डबे मागितले, वेगवेगळे. नव्या पिठासाठी चिठ्ठी मीच लिहायला घेतली होती, तिनं पेन माझ्या हातातून काढून घेतलं. स्वतः लिहिलं: कुणाच्या घरची चिंच, किती दिवस भिजवली, कोणी सोलली. तिचं अक्षर वेडंवाकडं आहे. शेवटच्या ओळीत तिचं आणि माझं, दोघींचं नाव आहे, आणि त्याखाली लाल शाईत, "आजी, यात काही ओतू नका."

चिठ्ठी तिरकी लागली आहे. मी ती सरळ केलेली नाही.